चित्र कुठल्या दिशेला पाहते आहे?

नकाशा काढताना उत्तर दिशेचा बाण राहून गेला तर आपण विद्यार्थ्याचा अर्धा गुण कापतो, आणि ते योग्यच आहे. मात्र त्याच वर्गात, कधीकधी त्याच तासाला, आपण संगणकाच्या पडद्यावर एखाद्या रस्त्याचे चौफेर चित्र लावतो. ते चित्र कुठल्या दिशेला पाहते आहे, हे तेव्हा कोणीच विचारत नाही. मुले म्हणतात, "सर, डावीकडे फिरवा", आणि सर फिरवतात. डावीकडे म्हणजे पूर्वेकडे की पश्चिमेकडे, याची चर्चा होत नाही. तास संपतो, गाव 'पाहून' होते.

या लेखात आम्हाला गुगलच्या 'स्ट्रीट व्ह्यू' या सोयीचे परीक्षण करायचे आहे, पण सर्व बाजूंनी नव्हे. रस्त्यावरून घेतलेल्या चौफेर चित्रात कॅमेऱ्याची दिशा हाताळण्याची जी व्यवस्था आहे ती शिक्षकाच्या किती कामाची, एवढाच आमचा प्रश्न आहे. मत आधीच सांगून टाकतो. यंत्र म्हणून ही व्यवस्था उत्कृष्ट आहे. शिकवण्याचे साधन म्हणून मात्र ती आपल्या हाती अर्धवट येते, कारण जो आकडा मुलांनी सर्वांत आधी पाहायला हवा तोच ती अशा जागी ठेवते की सहसा कोणाची नजर तिकडे जात नाही.

थोडा इतिहास. १७८७ साली एडिंबरोच्या रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने गोल इमारतीच्या आतल्या भिंतीवर सभोवतालचे संपूर्ण दृश्य रंगवण्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले. १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर चौकात त्यासाठी खास इमारत उभी राहिली. प्रेक्षक मध्यभागी उभा राही आणि स्वतः गोल फिरून चित्र पाही. १९७८ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत मोटारीवर चार कॅमेरे बसवून ॲस्पेन नावाच्या गावाचे रस्ते टिपण्यात आले आणि ते पडद्यावर 'फिरून' पाहता येऊ लागले. मे २००७ मध्ये गुगलने अमेरिकेतील पाच शहरांपासून स्ट्रीट व्ह्यू सुरू केले.

आपल्याकडे ही सोय रखडत आली. २०११ साली बंगळुरूत चित्रीकरण सुरू झाले आणि काही आठवड्यांतच पोलिसांनी ते थांबवले. २०१६ साली केंद्र सरकारने परवानगी नाकारली. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वे आली. रस्त्यावरून असे सर्वेक्षण फक्त भारतीय संस्थांनीच करावे, अशी अट त्यांत होती. त्यानंतर २७ जुलै २०२२ रोजी जेनेसिस आणि टेक महिंद्र या कंपन्यांच्या साहाय्याने दहा शहरांत स्ट्रीट व्ह्यू उपलब्ध झाले. त्या दहांपैकी मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) ही चार महाराष्ट्रातली होती. विदर्भातले एकही नव्हते. म्हणून वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातील एखाद्या शिक्षकाने त्या वर्षी वर्गात रस्त्याचे चित्र लावले असेल, तर ते बहुधा दुसऱ्याच कोणाच्या गावाचे असणार. हे आम्ही तक्रार म्हणून सांगत नाही. ओळखीच्या गावात दिशा चुकली तर मूल लगेच बोलते, "अहो, हिंगणघाट तिकडे नाही!" परक्या गावात ते बोलूच शकत नाही. दिशा न सांगता दाखवलेले परके चित्र मुलाला गप्प करते. या सोयीवरचा आमचा मुख्य आक्षेप इथूनच सुरू होतो.

आता कॅमेऱ्याची दिशा म्हणजे नेमके काय ते पाहू. चौफेर चित्र म्हणजे एका बिंदूभोवतीचा पोकळ गोल, त्याच्या आतल्या पृष्ठभागावर छायाचित्र चिकटवलेले. आपण गोलाच्या मध्याशी आहोत. कोठे पाहायचे हे सांगायला तीन आकडे पुरतात. पहिला, उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजलेला आडवा कोन. खगोलशास्त्रात याला आपण दिगंश म्हणतो. उत्तर ०, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. दुसरा, क्षितिजाच्या वर किंवा खाली मोजलेला उभा कोन, म्हणजे उन्नतांश. तिसरा, एका वेळी किती रुंद पट्टा दिसावा तो कोन. त्याला दृष्टिक्षेत्र म्हणू. आकाशातला तारा दाखवताना आपण पहिले दोन आकडे नेहमी वापरतो. तेच आकडे रस्त्यावर उतरले आहेत, इतकेच.

समुद्रपूर साधारण २०.६५ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७८.९७ अंश पूर्व रेखांशावर आहे. (नावात समुद्र असला तरी किनारा कोणत्याही बाजूला शेकडो किलोमीटर दूर आहे. मुले हे विचारतातच.) हिंगणघाट साधारण २०.५५ आणि ७८.८४ वर. अक्षांशातला फरक ०.१० अंश, म्हणजे सुमारे ११ किलोमीटर दक्षिणेला. रेखांशातला फरक ०.१३ अंश. या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०४ किलोमीटरचा, म्हणून हिंगणघाट साडेतेरा किलोमीटर पश्चिमेला. गुणोत्तर काढले की समुद्रपुराहून हिंगणघाटचा दिगंश २३० च्या आसपास येतो. त्याच रीतीने नागपूर १३, चंद्रपूर १५५ आणि वर्धा २८५ च्या आसपास. दहावीच्या मुलाला त्रिकोणमिती इथे पहिल्यांदा गावच्या रस्त्यावर भेटते.

भेटताच एक अडचण उभी राहते. गणिताच्या तासाला कोन पूर्वेकडच्या अक्षापासून, घड्याळाच्या उलट दिशेने मोजायला शिकवलेला असतो. भूगोलात तोच उत्तरेपासून, घड्याळाच्या दिशेने. आमच्या अनुभवात हुशार मुले इथे हमखास अडखळतात आणि सामान्य मुले अडखळत नाहीत, कारण त्यांनी गणितातला कोन गंभीरपणे घेतलेलाच नसतो! दोन रीतींमधला दुवा सोपा आहे: ९० मधून गणितातला कोन वजा करा, उत्तर ऋण आले तर ३६० मिळवा. हिंगणघाटचा गणितातला कोन २२०. ९० वजा २२० म्हणजे उणे १३०, त्यात ३६० मिळवले की २३०. ही एक ओळ फळ्यावर लिहून ठेवावी.

आता यंत्राकडे येऊ. मोटारीवरच्या कॅमेऱ्याला अनेक भिंगे असतात. प्रत्येक भिंगाचे चित्र शेजारच्या चित्राशी जुळवून एकच लांब आयत तयार करतात, त्याची रुंदी उंचीच्या दुप्पट. रुंदीत ३६० अंश आणि उंचीत १८० अंश बसतात. आयताच्या मध्यावर साधारणपणे मोटारीचे नाक ज्या दिशेला होते ती दिशा येते, आणि ती दिशा चित्राबरोबर नोंदवून ठेवतात. ती दिशा मोटारीच्या स्थाननिश्चितीच्या उपकरणांवरून मिळते. समजा, आयताची रुंदी ३६०० ठिपके आहे, म्हणजे दर अंशाला १० ठिपके. समुद्रपुरातल्या एखाद्या रस्त्यावर मोटार नागपूरच्या रोखाने, १३ अंशांवर चालली आहे असे धरा. मग मधला, म्हणजे १८०० वा स्तंभ १३ अंशांचा. आपल्याला हिंगणघाटकडे, २३० अंशांवर पाहायचे आहे. फरक २१७. उजवीकडून २१७ अंश जाण्यापेक्षा डावीकडून १४३ अंश जवळचे. तेव्हा १८०० मधून १४३० वजा, ३७० वा स्तंभ. पडद्यावर आपण बोट सरकवतो तेव्हा संगणक हीच वजाबाकी सेकंदाला कित्येकदा करत असतो. इतके साधे गणित इतक्या सहजतेने बोटाखाली येते, याचे आम्हाला मनापासून कौतुक वाटते.

पण बोट सरकवणाऱ्या मुलाला यातले काय दिसते? कोपऱ्यात एक छोटे होकायंत्र असते, त्याचा तांबडा भाग उत्तर दाखवतो. त्यावर टिचकी मारली की दृश्य उत्तरेकडे वळते. ही सोय चांगली आहे आणि बहुतेकांना माहीत नाही. मात्र होकायंत्रावर अंश लिहिलेले नसतात. आकडा पाहायचा तर वरच्या पत्त्याच्या लांबलचक ओळीत शोधावा लागतो. तिथे अक्षांश-रेखांशानंतर एका आकड्याला 'वाय', पुढच्याला 'एच' आणि त्यापुढच्याला 'टी' हे रोमन अक्षर जोडलेले दिसते. 'वाय'चा आकडा दृष्टिक्षेत्र, 'एच'चा दिगंश आणि 'टी'चा उभा कोन. 'एच'च्या अलीकडचा आकडा पुसून २३० लिहा आणि एंटरची कळ दाबा, दृश्य हिंगणघाटकडे वळेल. बोटाने चाचपडण्यापेक्षा शिक्षकाला हाच मार्ग उपयोगी, कारण आधी गणित करावे लागते आणि मग चित्र मिळते. भ्रमणध्वनीवरच्या ॲपमध्ये ही ओळच नसते, म्हणजे आकडाही नसतो. ज्या शाळेत संगणक नाही आणि गुरुजींचा फोनच आहे, तिथे दिगंश पूर्णपणे अदृश्य.

त्यातही एकवाक्यता नाही. पत्त्याच्या ओळीत सपाट, क्षितिजाकडची नजर ९० या आकड्याने दाखवतात. त्याच कंपनीने प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी दिलेल्या सूचनांत सपाट नजर म्हणजे शून्य, वर अधिक, खाली उणे. एकाच घरात दोन मोजपट्ट्या. यामागे इतिहास असेल, सोय असेल. पण विद्यार्थ्याने 'सपाट म्हणजे किती?' असे विचारले तर उत्तर 'कुठे विचारतोस त्यावर अवलंबून' असे द्यावे लागते, आणि शिक्षकाला ते परवडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: पहिली दिशा कोण ठरवतो? आपण ठिकाणाचे नाव घातले आणि दिशा सांगितली नाही, तर यंत्र स्वतः ठरवते. प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या सूचनांत हा नियम स्पष्ट दिला आहे. विचारलेल्या बिंदूच्या जवळात जवळचे चित्र शोधायचे आणि त्या चित्राच्या जागेवरून बिंदूकडे कॅमेरा वळवायचा. शोधाचा परीघ वेगळा सांगितला नाही तर ५० मीटर. नियम समंजस आहे. मुंबईत दुकानाचे नाव घातले की दुकानाची पाटी समोर येते, ती याच नियमामुळे. तालुक्याच्या गावात मात्र अशा बिंदूंचा भरवसा कमी. शाळेचा बिंदू कोणीतरी शाळेच्या मागच्या शेतात ठेवलेला असतो, दवाखान्याचा चौकात. बिंदू वीस मीटर सरकला आणि रस्ता दहा मीटरवर असला, की कॅमेरा नेमका उलट्या बाजूला वळतो. शाळेच्या नावाखाली समोरच्या घराची भिंत दिसते. पाहणाऱ्याला वाटते, शाळा अशीच आहे. चित्र खोटे नाही, दिशा चुकीची आहे, आणि दिशा लिहिलेली नसल्याने चूक पकडायला काही जागाच उरत नाही. छापील पुस्तकातल्या छायाचित्राला निदान एक छायाचित्रकार असतो. इथे 'कुठे पाहायचे' हे एका वजाबाकीने ठरवले आणि वजाबाकीखाली कोणाची सही नाही.

तिसरी गोष्ट शरीराची. बार्करच्या इमारतीत माणूस फिरत असे, चित्र स्थिर असे. पडद्यावर माणूस स्थिर आणि चित्र फिरते. त्यात बोट डावीकडे ओढले की चित्र डावीकडे सरकते आणि नजर उजवीकडे जाते. उजवा बाण दाबला तरी नजर उजवीकडेच जाते. म्हणजे बोटाची दिशा आणि बाणाची दिशा एकमेकांविरुद्ध. सरावाने हे हाताला कळते, डोक्याला कळत नाही. पाच मिनिटे चित्र फिरवल्यावर मुलांना डोळे मिटून 'आता उत्तर कुठे?' असे विचारून पाहा, हात चारी दिशांना जातात. त्याच मुलांना मैदानात उभे करून गोल फिरवा, बहुतेक हात बरोबर जातात. मान, पाय आणि कानातले तोलाचे इंद्रिय मिळून जी दिशा आपल्याला सांगतात ती पडद्यापुढे बसलेल्या मुलाला मिळत नाही. म्हणून पडद्यावर आकडा असणे अधिकच आवश्यक. तोवर आमचा उपाय साधा आहे: वर्गाच्या जमिनीवर खडूने उत्तर दाखवावी, आणि चित्र वळले की एका मुलाने मध्ये उभे राहून तितकेच वळावे.

इथवर नोंदवलेला दिगंश बरोबर आहे असे आपण धरून चाललो. तो नेहमी बरोबर असतोच असे नाही. लोकांनी स्वतःच्या फोनने काढलेली चौफेर चित्रेही नकाशांवर चढवली जातात. २०१२ पासून अनेक अँड्रॉइड फोनांत तशी सोय आली. फोनातले होकायंत्र चुंबकीय असते. विदर्भात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाहूनही कमी आहे, त्याची काळजी नको. पण चित्र घेणारा लोखंडी फाटकाजवळ किंवा ट्रॅक्टरशेजारी उभा असेल तर सुई कितीतरी अंशांनी भरकटू शकते, आणि ती चूक चित्राला कायमची चिकटते. मॅपिलरी ही सोय या बाबतीत अधिक प्रामाणिक वाटते. तिच्या माहितीसाठ्यात कॅमेऱ्याने सांगितलेली दिशा आणि नंतर शेजारच्या चित्रांशी ताडून काढलेली दिशा असे दोन्ही आकडे वेगवेगळे ठेवलेले असतात.

चित्राची दिशा तपासायची कशी? हा भाग विद्यार्थ्यांना सर्वांत आवडतो. पहिली खूण सावली. चित्राखाली महिना आणि वर्ष लिहिलेले असते, वेळ नसते. तरीही सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत आपल्याकडे सूर्य दिवसभर दक्षिणेच्या अर्ध्या आकाशात असतो, त्यामुळे खांबाची सावली सकाळी असो की दुपारी, तिचे टोक उत्तरेच्या अर्ध्यातच पडणार. जानेवारीचे चित्र असेल आणि सावली दक्षिणेकडे दिसत असेल, तर नोंदवलेला दिगंश चुकला आहे. उन्हाळ्यात मात्र जपून. समुद्रपूरच्या अक्षांशावर मेच्या चौथ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, पुन्हा जुलैच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास. मधल्या काळात माध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते. (माध्यान्ह घड्याळात बाराला नसते. आपण प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या पश्चिमेला साडेतीन अंश असल्यामुळे ती सरासरीने सव्वाबाराच्या आसपास येते.)

दुसरी खूण छपरावर असते, आणि ती सावलीपेक्षा पक्की. दूरचित्रवाणीच्या थाळ्या! भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर असतात, आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला, त्यामुळे आपल्याकडच्या सगळ्या थाळ्या दक्षिणेच्या बाजूला पाहतात. दूरदर्शनच्या मोफत सेवेचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. समुद्रपुराहून त्याचा दिगंश सुमारे १४५, म्हणजे जवळजवळ आग्नेय. घराघरांत दिसणाऱ्या इतर सेवांचे उपग्रह ८३ ते १०८ अंशांच्या दरम्यान असल्याने त्यांच्या थाळ्या साधारण १२० ते १७० अंशांच्या पट्ट्यात तोंड करून असतात. तेव्हा चित्रात थाळीचे तोंड समोरून दिसले तर कॅमेरा वायव्य ते उत्तर या बाजूला पाहतो आहे. थाळीची पाठ दिसली तर आग्नेय ते दक्षिण या बाजूला. एखाद्या गल्लीत दहा थाळ्या एकाच बाजूला माना वळवून बसलेल्या दिसतात, ती विनामूल्य होकायंत्रांची रांगच आहे. ऊन नसले, पावसाळी आभाळ असले, तरी ती चालते.

दिशेला आधाराची रेघ लागते, आकडा कुठून मोजला ते सांगावे लागते, ही गोष्ट या परिसराला नवी नाही. समुद्रपूरला लागून असलेल्या हिंगणघाटात विल्यम लॅम्बटन यांची कबर आहे. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे हे जनक. १८०२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजायला घेतली, आणि नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या थिओडोलाइटचे आडवे वर्तुळ ३६ इंच व्यासाचे होते आणि ते यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे होते. १८०८ साली तंजावरच्या देवळावर चढवताना ते भिंतीवर आपटले. वाकलेले वर्तुळ लॅम्बटन यांनी स्वतः कित्येक आठवडे खपून पुन्हा सरळ केले. एका कोनासाठी इतकी खटपट! त्रिकोणांची साखळी मोजायला कोनांमधला फरक पुरत असे, पण साखळी पृथ्वीवर कुठल्या रोखाने आहे हे कळण्यासाठी ध्रुवाजवळच्या ताऱ्यांचे वेध घेऊन खरी उत्तर ठरवावी लागे. आज फोनच्या पडद्यावर जो कोन आपण नखाने फिरवतो तो याच जातीचा. लॅम्बटन यांनी तो वहीत लिहून ठेवला. आपल्या सोयीने तो पडद्याआड ठेवला.

या व्यवस्थेत पाहणाऱ्याला मिळणारे स्वातंत्र्य कसले आहे, तेही वर्गात बोलावे. मान कुठेही वळवता येते, पाऊल मात्र मोटार जिथून गेली तिथेच पडते. कापसाच्या आणि सोयाबीनच्या तालुक्यात रस्त्यावरून दिसते ती धुऱ्यापर्यंतची पहिली तास, आत काय आहे ते नाही. डोळ्यांची उंचीसुद्धा आपली नाही. जपानमध्ये कॅमेरा कुंपणांवरून अंगणात डोकावतो अशी तक्रार झाल्यावर २००९ साली गुगलने तिथे कॅमेरा ४० सेंटिमीटर खाली आणला आणि आधीचे चित्रीकरण पुन्हा केले. चाळीस सेंटिमीटरनी एका देशाचे रस्ते वेगळे दिसू लागले. दृष्टिक्षेत्राचेही तसेच. पट्टा रुंद केला की गल्ली ऐसपैस वाटते, अरुंद केला की लांबची टाकी अंगावर येते. समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडची टेकडी, जिथे शेख फरीद यांचा दर्गा आहे, ती याच युक्तीने उंचही दाखवता येईल आणि बुटकीही. जाहिरातदारांना हे ठाऊक आहे, मुलांनाही ठाऊक असावे.

कंपनीकडून आमची मागणी छोटी आहे. होकायंत्राच्या शेजारी दिगंशाचा आकडा दिसावा, फोनवरही, आणि चित्र पहिल्यांदा उघडले तेव्हा दिशा यंत्राने ठरवली की पाहणाऱ्याने, हे एका शब्दात कळावे. हे होईल तेव्हा होईल. तोवर वर्गात चौफेर चित्र हाताने करता येते, आणि त्यासाठी आपल्या गावात मोटार येण्याची वाट पाहावी लागत नाही.

३६० सेंटिमीटर लांब आणि फूटभर रुंद कागदाची पट्टी घ्यावी, रद्दीचे कागद चिकटवून केली तरी चालेल. दर अंशाला एक सेंटिमीटर. गावच्या चौकात किंवा शाळेच्या मैदानात मधोमध एक खुर्ची ठेवून होकायंत्राने आठ दिशा खडूने आखाव्यात. हात लांब करून मूठ डोळ्यासमोर धरली की ती सुमारे दहा अंश झाकते. खुर्चीवर बसलेला एक जण मुठीने मोजून सांगतो, "पाण्याची टाकी, ७० ते ७४", आणि दुसरा पट्टीवर ७० ते ७४ सेंटिमीटरवर टाकी काढतो. क्षितिजाची रेघ आधी मारून ठेवावी. उंचीही मुठीनेच मोजावी, त्याच प्रमाणात. नागपूर, चंद्रपूर, हिंगणघाट, वर्धा या अदृश्य गावांचे दिगंश काढून त्या त्या जागी क्षितिजावर नावे लिहावीत. सगळे झाले की पट्टी आतल्या बाजूला चित्र ठेवून गोल वळवावी आणि दोरीने वर्गाच्या छताला डोळ्यांच्या उंचीवर टांगावी. तिच्या वर्तुळाची त्रिज्या ५७.३ सेंटिमीटर येते. अकरावीच्या मुलांना हा आकडा ओळखीचा वाटेल, एक रेडियन म्हणजे तितकेच अंश. एका वेळी एक मूल खाली वाकून आत शिरते, मध्यात डोके काढते आणि स्वतः फिरून आपले गाव पाहते. टांगताना शून्य खऱ्या उत्तरेला येईल असे पाहावे.

एक गोष्ट करण्याआधी मुलांशी बोलून ठरवावी: पट्टीची दोन टोके जुळणारा सांधा कुठे ठेवायचा. उत्तरेवर ठेवला तर ३५९ आणि १ हे आकडे शेजारी येतात, आणि ३५० आणि १० यांची सरासरी १८० का येत नाही हे न सांगता कळते. पण उत्तरेलाच शाळेची इमारत असेल तर ती मधोमध चिरली जाते. आमच्या माहितीतल्या एका वर्गात यावर अर्धा तास वाद झाला आणि शेवटी सांधा ज्या बाजूला नुसते आभाळ आणि बाभळी होत्या त्या बाजूला, २०५ अंशांवर गेला.